पत्ते नशिबाचे, पैसे आपले: चिंचोक्यांवर पोकर शिका आणि धंद्यातला ‘पॅक’ म्हणायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओसाठी मी टेबलावर पत्त्यांचा कॅट आणि एक वाटी चिंचोके घेऊन बसलो, तेव्हा आमच्या कॅमेरावाल्या मुलानेच आधी विचारलं, “सर, आता धंदा सोडून जुगार शिकवणार का?”

प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. आज आपण टेक्सास होल्डम पोकर शिकणार आहोत, पण एक रुपयाही न लावता. कारण साधं आहे. नवीन धंदा करणाऱ्या माणसाला एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं: अर्धवट माहिती हातात असताना पैसे टाकायचे की नाही, हे ठरवणं. दुकान घेऊ का? उधारीवर माल देऊ का? प्रदर्शनात स्टॉल लावू का? असे मोठे निर्णय वर्षातून दोन-चार वेळा येतात आणि प्रत्येक चूक महाग पडते. पोकरच्या टेबलावर तसाच निर्णय तासाभरात वीस वेळा घ्यावा लागतो, आणि चूक झाली तर जातात फक्त चिंचोके.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. आयआयएम कोझिकोडमध्ये पोकरच्या आधाराने स्पर्धात्मक डावपेच शिकवणारा ऐच्छिक विषय घेतला गेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने २०१५ साली पोकरवरचा अभ्यासक्रम घेतला आणि तो सगळ्यांसाठी मोफत खुला केला. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने ऑस्कर मॉर्गनस्टर्नसोबत १९४४ मध्ये अर्थव्यवहार आणि खेळांच्या सिद्धांतावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे.

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितो. कॅट जवळ घेऊनच वाचा.

तीन पत्ती येते? मग अर्धं काम झालं

दिवाळीत घरी तीन पत्ती खेळला असाल तर बूट, चाल, पॅक, शो हे शब्द माहीत आहेत. पोकरमध्येही पैसे मध्ये टाकायचे, चाल वाढवायची, नको असेल तर पॅक करायचं. फरक दोन आहेत.

पहिला फरक: तुमच्या हातात तीनऐवजी दोनच पत्ते असतात. बाकीचे पाच पत्ते टेबलावर उघडे येतात आणि ते सगळ्यांचे असतात. तुमचे दोन आणि टेबलावरचे पाच, अशा सात पत्त्यांतून सर्वांत चांगले पाच निवडायचे. हातातले दोन्ही वापरा, एकच वापरा, किंवा एकही वापरू नका, चालतं.

दुसरा फरक: सगळे पत्ते एकदम येत नाहीत. थोडी माहिती मिळते, मग पैशांचा निर्णय. आणखी थोडी माहिती, पुन्हा निर्णय. असं चार वेळा होतं. म्हणूनच हा खेळ धंद्याच्या इतका जवळ जातो.

खेळाचं नाव अमेरिकेतल्या टेक्सास राज्यावरून पडलं. तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन हे गाव या खेळाचं जन्मस्थान म्हणून मान्य केलं.

कोणता हात मोठा? हे आधी पाठ करा

वरून खाली, मोठ्याकडून लहानाकडे:

१. रॉयल फ्लश: एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी
२. स्ट्रेट फ्लश: एकाच रंगाचे ओळीने पाच पत्ते
३. चार सारखे: उदा. चारही सत्त्या
४. फुल हाउस: तीन सारखे आणि एक जोडी
५. फ्लश (कलर): एकाच रंगाचे कोणतेही पाच
६. स्ट्रेट (सिक्वेन्स): ओळीने पाच, रंग कोणताही
७. तीन सारखे
८. दोन जोड्या
९. एक जोडी
१०. काहीच नाही: मग सर्वांत मोठा पत्ता

इथे ‘रंग’ म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी एक. पोकरमध्ये चारही रंग सारखेच. इस्पिक बदामापेक्षा मोठं वगैरे काही नसतं. दोघांचे पाचही पत्ते सारख्या किमतीचे निघाले तर मधली रक्कम वाटून घ्यायची.

तीन पत्तीवाल्यांचा इथे हमखास घोळ होतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. असं का? मोजून बघा. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. इथे कलर दुर्मीळ. जे दुर्मीळ, ते मोठं. नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण समजून घेतलं की विसरायला होत नाही. जीएसटीपासून पत्त्यांपर्यंत सगळीकडे हे खरं आहे.

एक डाव कसा चालतो?

चार जण बसा. प्रत्येकाला १०० चिंचोके. धरा, पत्ते तुम्ही वाटताय. तुमच्या डाव्या हाताला दादा, त्याच्या पुढे वहिनी, मग मामा.

*सुरुवातीची सक्तीची रक्कम.* वाटणाऱ्याच्या डावीकडचा (दादा) १ चिंचोका टाकतो. हा स्मॉल ब्लाइंड. त्याच्या पुढची व्यक्ती (वहिनी) २ टाकते. हा बिग ब्लाइंड. तीन पत्तीत बूट सगळेच देतात. इथे दोघंच देतात, आणि दर डावाला ही जबाबदारी पुढे सरकते.

*पहिली फेरी.* प्रत्येकाला दोन पत्ते बंद. मामापासून सुरुवात. प्रत्येकाला तीन पर्याय: पॅक करायचं (फोल्ड), तेवढेच चिंचोके टाकायचे (कॉल), किंवा वाढवायचे (रेज). खेळात उरलेल्या सगळ्यांची रक्कम सारखी झाली की फेरी संपली.

*फ्लॉप.* टेबलावर तीन पत्ते एकदम उघडायचे. आता बोलायची सुरुवात वाटणाऱ्याच्या डावीकडून. कोणी पैसे टाकले नसतील तर ‘चेक’ म्हणून फुकट पुढे जाता येतं.

*टर्न.* चौथा पत्ता उघडायचा. पुन्हा फेरी.

*रिव्हर.* पाचवा आणि शेवटचा पत्ता. शेवटची फेरी. मग उरलेल्यांचा शो.

शोच्या आधीच बाकी सगळ्यांनी पॅक केलं, तर उरलेला एकटा मधली सगळी रक्कम घेतो. पत्ते दाखवायची गरज नाही. मधल्या रकमेला म्हणायचं पॉट. एखाद्याने हातातलं सगळं टाकलं तर तो ‘ऑल इन’. त्याने जेवढं टाकलंय तेवढ्याच हिश्शावर त्याचा हक्क राहतो. त्यावरची रक्कम बाकीच्यांच्या वेगळ्या पॉटमध्ये जाते.

झाले नियम संपून. आता डोकं लावायचा भाग.

डावपेच १: प्रत्येक डाव खेळायचा नसतो

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे त्याला पॅक करायला लाज वाटते. “पत्ते आलेत तर खेळूया की!” म्हणून तो प्रत्येक डावात शिरतो.

आकडे बघा. हातात जोडी येण्याची शक्यता साधारण १७ डावांत एकदा. दोन एक्के येण्याची २२१ डावांत एकदा. हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर तुमच्या एखाद्या पत्त्याची जोडी लागण्याची शक्यता साधारण तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोन वेळा फ्लॉप बघून तुमचा चेहरा पडणार आहे. म्हणून सुरुवातीचे पत्तेच दमदार हवेत: मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी असे. “दोन्ही बदामच आहेत” म्हणून सत्ती-दुर्री घेऊन बसू नका. एकाच रंगाचे दोन पत्ते असले तरी फ्लॉपवरच कलर पूर्ण होण्याची शक्यता एक टक्क्यापेक्षाही कमी आहे.

धंद्यात हेच. मित्र म्हणतो चहाची फ्रँचायझी घे, मेहुणा म्हणतो मशरूम कर, कोणी म्हणतं ड्रॉपशिपिंग. प्रत्येक डावाला ब्लाइंड भरत बसलात तर खरा हात येईपर्यंत वाटी रिकामी झालेली असेल.

डावपेच २: शेवटी बोलणाऱ्याला जास्त माहिती

वाटणारा फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलतो. त्याच्या आधी कोणी चेक केलं, कोणी वाढवलं, हे त्याला दिसलेलं असतं. त्याचे पत्ते तेच, पण माहिती जास्त. म्हणून शेवटच्या जागेवर असताना थोडे मध्यम पत्तेही खेळता येतात, पहिल्या जागेवर असताना मात्र फक्त भक्कम.

रविवार पेठेत होलसेलवाल्यासमोर उभं राहून आपणच आधी “पाचशेला द्या” म्हणतो आणि नंतर कळतं की तो साडेचारशेला द्यायला तयार होता. पुढच्या वेळी त्याला आधी बोलू द्या. एवढंच.

डावपेच ३: पुढचा पत्ता केवढ्याला पडतोय?

हा आजच्या लेखाचा गाभा आहे. हळू वाचा.

तुमच्या हातात बदामचा राजा आणि बदामची दश्शी. तुम्ही वाटणारे. मामाने पॅक केलं. तुम्ही रक्कम ६ वर नेली. दादाने ५ टाकून ६ पूर्ण केले. वहिनीने २ सोडून पॅक केलं. पॉट झाला १४.

फ्लॉप: बदाम सत्ती, बदाम दुर्री, इस्पिक गुलाम. तुमच्याकडे चार बदाम झाले, आणखी एक आला की कलर. दादा चेक, तुम्ही चेक. टर्नवर आली किलवरची चौकी. उपयोग नाही. आता दादा १० टाकतो. पॉट २४. कॉल करायचं का?

बहुतेक जण म्हणतात, “एकच बदाम हवाय, बघूया!” हिशोब असा करा.

*मला किती पत्ते चालतील?* एकूण बदाम १३. चार दिसलेत, ९ उरले. न दिसलेले पत्ते ४६ (५२ मधून हातातले दोन आणि टेबलावरचे चार वजा). ९ भागिले ४६, म्हणजे सुमारे २० टक्के. समजा दादाकडे गुलामाची जोडी आहे. मग राजा आला तरी तुम्ही जिंकता, म्हणून आणखी ३ राजे धरू. १२ भागिले ४६, म्हणजे सुमारे २६ टक्के.

*मला किती शक्यता हवी?* मी १० टाकणार, म्हणजे एकूण पॉट होणार ३४. १० भागिले ३४, म्हणजे सुमारे २९ टक्के.

हवी २९, आहे जास्तीत जास्त २६. पॅक.

आता तोच डाव, तेच पत्ते, पण दादाने १० ऐवजी ३ टाकले. पॉट १७. तुम्ही ३ टाकलेत की २०. ३ भागिले २०, म्हणजे १५ टक्के. हवी १५, आहे किमान २०. आनंदाने कॉल.

पत्ते बदलले नाहीत, शक्यता बदलली नाही. बदलली फक्त किंमत. तिने निर्णय उलटा केला. “हा धंदा चांगला आहे का?” हा प्रश्न म्हणूनच अर्धवट असतो. पूर्ण प्रश्न असा: “हा धंदा एवढ्या किमतीला चांगला आहे का?”

तोंडी हिशोबाची युक्ती: एक पत्ता यायचा असेल तर चालणाऱ्या पत्त्यांना २ ने गुणा, दोन यायचे असतील तर ४ ने. ९ पत्ते असतील तर १८ टक्के किंवा ३६ टक्के. टेबलावर एवढं पुरतं. कलर लागल्यावर दादा आणखी किती टाकेल, याचाही विचार अनुभवी खेळाडू करतात. तुम्ही पहिले शंभर डाव साधाच हिशोब करा.

हेच स्टॉलला लावा. समजा दिवाळीच्या प्रदर्शनाचं भाडं आणि तयारी मिळून २०,००० रुपये. चाललं तर खर्च जाऊन ६०,००० हातात, नाही चाललं तर २०,००० गेले. २० भागिले ८०, म्हणजे २५ टक्के. चारपैकी एकदा चालेल एवढी खात्री असेल तर ना नफा ना तोटा. तुमची खात्री किती? मागच्या वर्षी तिथे स्टॉल लावलेल्या तिघांना विचारा, मग आकडा टाका. खऱ्या आयुष्यात निकाल ‘सगळं’ किंवा ‘शून्य’ असा नसतो हे मान्य. पण अंदाजे आकडाही “बघूया काय होतंय ते” यापेक्षा शंभरपट बरा.

डावपेच ४: टेबलावरचे चिंचोके आता तुमचे नाहीत

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

कोथरूडला माझं फराळ आणि कोरड्या खाऊचं दुकान बरं चाललं होतं. त्या जोरावर मी हिंजवडीत दुसरं टाकलं. डिपॉझिटवर न परतणारी रक्कम, फर्निचर, फ्रीज, बोर्ड मिळून ४ लाख घातले. दुसऱ्याच महिन्यात कळलं की दुपारी जेवायला बाहेर पडणारी गर्दी आमच्या गल्लीत वळतच नाही. महिन्याला ३५,००० तोटा. बायको म्हणाली, बंद करूया. मी म्हणालो, “अगं, चार लाख घातलेत! असं कसं सोडू?”

अकरा महिने ओढलं. ३५,००० गुणिले ११ म्हणजे ३,८५,०००. ते चार लाख वाचवायच्या नादात मी जवळजवळ तेवढेच आणखी घातले, आणि शेवटी दोन्ही गेले. त्या वर्षी मुलीच्या शाळेची फी माझ्या भावाने भरली. ते अजून विसरलेलो नाही.

नंतर पोकर शिकताना एका मित्राने मला अडवलं. मी म्हणत होतो, “एवढे टाकलेत, आता शेवटपर्यंत जातो.” तो म्हणाला, “मध्ये गेलेले तुझे नाहीत रे, ते पॉटचे. तुझे फक्त हातातले.” मला त्या क्षणी हिंजवडीचं शटर दिसलं.

पॉटमध्ये तुम्ही स्वतः किती टाकलेत, याला हिशोबात जागाच नाही. वरचं गणित पुन्हा बघा. पॉट किती, पुढची किंमत किती, शक्यता किती, हे तीनच आकडे आहेत. “मी आत्तापर्यंत किती घातले” हा चौथा आकडा त्यात नाही. पॅक करणं म्हणजे हरणं नव्हे. उरलेले चिंचोके पुढच्या डावासाठी वाचवणं म्हणजे पॅक.

डावपेच ५: ब्लफ कोणाला मारायचा?

सिनेमात पोकर म्हणजे ब्लफ. टेबलावर ब्लफचंही गणितच असतं. पॉट २० असताना तुम्ही हातात काही नसताना १० टाकले, तर समोरचा तीनपैकी एकदा पॅक झाला तरी तुमची बरोबरी होते. त्यापेक्षा जास्त वेळा झाला तर फायदा. पण मामासारखा माणूस, जो “बघू तरी काय आहे” म्हणत कधीच पॅक करत नाही, त्याच्यासमोर ब्लफ म्हणजे चिंचोके दान. त्याच्यासमोर चांगला हात येईपर्यंत थांबा आणि आल्यावर भरपूर टाका.

डावपेच ६: निर्णय आणि निकाल वेगळे लिहा

तुमच्याकडे दोन एक्के, दादाकडे दोन राजे. दोघंही ऑल इन. साधारण पाचपैकी चार वेळा तुम्ही जिंकता. पाचव्यांदा दादा. त्या पाचव्या वेळी तुम्ही काय चूक केली? काहीच नाही. आणि दादाने डोकं लावलं का? नाही, पत्ता आला.

उलट बाजूही बघा. जगातली सर्वांत नावाजलेली पोकर स्पर्धा, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, १९७० पासून लास व्हेगासला होते. २००३ मध्ये तिची मुख्य स्पर्धा क्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने जिंकली. छोट्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेला हा माणूस २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याचं बघून पुढच्या वर्षी खेळाडूंची संख्या ८३९ वरून २,५७६ झाली. मनीमेकर आपल्याला माहीत आहे. त्या वर्षी हरलेल्या ८३८ जणांतले किती माहीत आहेत? यूट्यूबवर “नोकरी सोडली आणि कोटी कमावले” बघताना हा आकडा आठवा. माझ्या चॅनलवरच्या यशोगाथा बघतानासुद्धा.

डावपेच ७: एका डावात घर लावू नका

चांगला खेळाडूही सलग वीस डाव हरू शकतो. टिकायचं असेल तर एका बैठकीत एकूण साठ्याचा लहान हिस्साच आणायचा. धंद्यात याचं नाव खेळतं भांडवल. एकाच ग्राहकाच्या उधारीत किंवा एकाच हंगामाच्या मालात सगळं अडकलं, तर तुमचं गणित बरोबर असूनही पुढचा डाव खेळायला तुम्ही टेबलावर नसाल.

ही तुलना कुठे संपते?

हे सांगितलं नाही तर लेख अर्धवट राहील. पोकरमध्ये नवीन काही तयार होत नाही. तुमच्या वाटीत आलेले दहा चिंचोके दादाच्या वाटीतून गेलेले असतात. धंद्यात तसं नसतं. तुम्ही चांगली चकली दिली, गिऱ्हाइकाने पैसे दिले, दोघंही खूश. गिऱ्हाईक समोर बसलेला खेळाडू नाही. भाव ठरवताना होलसेलवाल्याला हातातले पत्ते दाखवू नका, ठीक आहे. पण गिऱ्हाइकाला माल, वजन, तारीख यांत ब्लफ मारलात तर तो एकदाच पकडतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शो करतो.

पैसे का नाही लावायचे?

आमच्या एका बॅचमध्ये मसाले पॅकिंग करणारा एक मुलगा होता. मार्केट यार्डातून मिरची उचलायला ठेवलेले ४०,००० त्याने मोबाइलवरच्या पत्त्यांच्या अ‍ॅपवर दोन रात्रींत घालवले. सीझनची खरेदी हुकली, वर्ष गेलं. हुशार पोरगा, पण घालवलेले परत मिळवायच्या नादात खेळत राहिला. माझ्या हिंजवडीसारखाच.

कायदाही स्पष्ट समजून घ्या. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच धरलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. “कौशल्याचा खेळ आहे, चालतं” असं सांगून कोणी लिंक पाठवली तर उघडू नका. गोव्यात मांडवी नदीवरचे कॅसिनो परवान्याने चालतात हे खरं. पण तिथे कॅसिनो आपला हिस्सा काढून घेतो, आणि शिकायला जायची ती जागा नव्हे. तुमच्या घरची सतरंजी बरी.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरच्या तिघा-चौघांना घेऊन ५० डाव खेळा. चिंचोके नसतील तर शेंगदाणे चालतील, फक्त खेळता खेळता खाऊ नका.

२. वहीत चार रकाने करा: माझे पत्ते, किंमत आणि शक्यता, माझा निर्णय, निकाल. पहिले तीन रकाने निकाल लागण्यापूर्वीच भरायचे. नंतर भरलेत तर आपलं मन आपल्यालाच फसवतं.

३. शेवटी मोजा: हिशोब बरोबर असून हरलात असे डाव किती, आणि हिशोब चुकून जिंकलात असे किती? दुसरा आकडा जास्त असेल तर खूश होऊ नका.

४. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या धंद्यातली एक गोष्ट लिहा, जी तुम्ही फक्त “एवढे घातलेत” म्हणून ओढताय. एखादी मशीन, एखादा गाळा, एखादा उधारीवाला. खाली एकच प्रश्न लिहा: “यात आजवर एक रुपयाही घातला नसता, तर आज घातला असता का?”

उत्तर ‘नाही’ आलं, तर पत्ते शांतपणे खाली ठेवा आणि पॅक म्हणा. मी ते अकरा महिने उशिरा म्हणालो. तुम्ही याच महिन्यात म्हणा.

भेटू पुढच्या आठवड्यात. उधारी वसूल कशी करायची, यावर!